रिकामी खुर्ची, भरलेली खुर्ची : नगराध्यक्षांच्या प्रत्यावाहनाची चिकित्सा

मतदारांनी निवडून दिलेल्या अधिकाऱ्यास त्याची मुदत संपण्यापूर्वीच परत बोलावण्याचा जो हक्क, त्यास राज्यशास्त्राच्या परिभाषेत 'प्रत्यावाहन' असे म्हणतात. भारतात हा हक्क लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या सदस्यांच्या बाबतीत मतदारांस कधीही मिळाला नाही. संविधानसभेत १९४७ साली ह्या विषयाची चर्चा झाली, तेव्हा सरदार पटेलांनी त्यास विरोध केला आणि ती कल्पना तेथेच मागे पडली. पुढे १९७४ च्या आंदोलनात जयप्रकाश नारायणांनी तिचा पुरस्कार केला. २०११ साली अण्णा हजारे ह्यांच्या चळवळीतूनही तिचा उच्चार झाला. परंतु ह्या गाजलेल्या मागण्यांच्या मानाने पुष्कळच शांतपणे, जवळजवळ कोणाच्या लक्षात न येता, ही कल्पना नगरपालिकांच्या कायद्यांत शिरली आणि काही लहान गावांतून तिचा प्रत्यक्ष प्रयोगही झाला. ह्या प्रयोगाची जितकी प्रशंसा झाली तितकी चिकित्सा झालेली नाही. ज्या कलमाने हा हक्क दिला असे सांगितले जाते, त्या कलमाचा मजकूर बारकाईने वाचल्यास 'दिला' ह्या क्रियापदाविषयीच शंका उत्पन्न होते. त्या शंकेचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मध्यप्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१ चा आहे. नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांकडून होऊ लागल्यावर ह्या अधिनियमाच्या ४७ व्या कलमात प्रत्यावाहनाची तरतूद आली. तिचे स्वरूप थोडक्यात असे : निवडून आलेल्या एकूण नगरसेवकांपैकी किमान तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी सही केलेला प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यापुढे यावयास हवा. जिल्हाधिकाऱ्याने सह्यांची खात्री करून घेऊन तो राज्य शासनाकडे पाठवावयाचा, शासनाने राज्य निवडणूक आयोगास कळवावयाचे आणि आयोगाने गावात गुप्त मतदान घ्यावयाचे. अध्यक्षाने पद स्वीकारल्यापासून दोन वर्षे हा प्रस्ताव आणता येत नाही आणि एका मुदतीत तो एकदाच आणता येतो. मतदारांचा कौल विरुद्ध गेला की अध्यक्षाचे पद तत्काळ रिक्त झाले असे समजले जाते.

ह्या मतदानासाठी जी चिन्हे योजिली गेली ती मोठी बोलकी आहेत. मतपत्रिकेवर एक भरलेली खुर्ची आणि एक रिकामी खुर्ची. अध्यक्ष राहावा असे ज्यास वाटते त्याने भरलेल्या खुर्चीवर शिक्का मारावा. तो जावा असे वाटणाऱ्याने रिकाम्या खुर्चीवर. 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' ह्याच नावाने ही निवडणूक हिंदी मुलुखात ओळखली जाऊ लागली. २००१ साली अनुपपूर येथील नगराध्यक्षा ह्या पद्धतीने पदच्युत झाल्या आणि भारतातील नागरी प्रत्यावाहनाचे ते पहिले उदाहरण ठरले. मध्यप्रदेशातून वेगळ्या झालेल्या छत्तीसगढाने हाच कायदा वारशाने घेतला. तेथे २००८ च्या जून महिन्यात नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर ह्या तीन गावांच्या अध्यक्षांना मतदारांनी खाली उतरविले.

ह्या घटनांकडे लोकशाहीचा विजय म्हणून पाहण्याची रीत आहे, आणि तीत तथ्यांश नाही असे नाही. ज्या गावाचे नावही राजधानीत क्वचितच उच्चारले जात असेल, त्या गावच्या मतदाराने सत्ताधीशास मतपेटीतून उत्तर द्यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु गौरव करणाऱ्यांनी एक प्रश्न विचारावयास हवा होता, तो विचारला गेला नाही. हे मतदान घ्यावे असे प्रथम कोणी ठरविले? कलमाचे उत्तर निःसंदिग्ध आहे : नगरसेवकांनी. गावातील सर्व प्रौढ रहिवासी एकमुखाने अध्यक्षास विटले, तरी त्यांच्या सह्यांना ह्या कलमाच्या दृष्टीने काहीही किंमत नाही. उलट, रहिवाशांची काहीही तक्रार नसताना तीन-चतुर्थांश नगरसेवकांचे अध्यक्षाशी बिनसले, तर साऱ्या गावाला मतदान केंद्रापर्यंत चालत जावे लागते. शेवटचा शब्द मतदाराचा आहे हे खरे. पण पहिला शब्द त्याचा नाही. आणि ज्यास बोलण्यास आरंभ करण्याची मुभा नाही, त्यास वादी म्हणता येत नाही. तो दुसऱ्यांच्या वादातील पंच होय.

'परत बोलावणे' ह्या शब्दांतच एक गृहीत आहे. ज्याने पाठविले त्यानेच परत बोलवावे. पाठविणारा एक आणि परतीचा निरोप लिहिणारा दुसरा, अशी व्यवस्था असेल तर तिला अविश्वासाच्या ठरावावरील लोकमत म्हणावे. प्रत्यावाहन हे नाव तिला शोभत नाही.

२

ह्यावर एक उत्तर देण्यात येते आणि त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे बळ आहे. उत्तर प्रदेशातील रायबरेली नगरपालिकेचा अध्यक्ष थेट मतदारांनी निवडलेला असताना त्यास नगरपालिकेच्या सदस्यांनी अविश्वासाच्या ठरावाने दूर केले. मोहनलाल त्रिपाठी ह्यांच्या त्या प्रकरणात १९९२ साली न्यायालयाने असे ठरविले की, सदस्य हेही लोकांचेच प्रतिनिधी असल्यामुळे त्यांनी अध्यक्षास दूर करणे हे लोकशाहीच्या तत्त्वाशी विसंगत नाही. त्याच राज्यातील ग्रामप्रधानास दूर करण्याचा अधिकार ग्रामसभेकडून काढून पंचायतीच्या सदस्यांकडे देण्यात आला, तेव्हा तोही बदल रामबेती प्रकरणात न्यायालयाने वैध ठरविला.

घटनात्मक वैधतेच्या दृष्टीने हे निर्णय वादातीत मानले, तरी राज्यशास्त्राच्या दृष्टीने त्यांतील युक्तिवाद पुरेसा नाही. थेट निवडीचा हेतूच मुळी हा की, अध्यक्षाने नगरसेवकांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये. नगरसेवक आपापल्या प्रभागाकडून निवडून येतो. अध्यक्ष साऱ्या गावाकडून. दोघांची मतदारसंख्या एक नाही, दोघांची बांधिलकी एक नाही आणि पुष्कळदा दोघांचा पक्षही एक नसतो. ठेके कोणास द्यावयाचे, कोणत्या गल्लीत गटार आधी बांधावयाचे, नळजोडण्यांची थकबाकी कोणाकडून वसूल करावयाची, ह्या प्रत्येक प्रश्नावर त्यांचा संघर्ष होण्याचा संभव असतो. किंबहुना तो व्हावा, अशीच ही रचना आहे. अशा स्थितीत अध्यक्षास दूर करण्याची किल्ली नगरसेवकांच्या हाती ठेवणे म्हणजे थेट निवडीने जे स्वातंत्र्य एका दाराने आणले ते दुसऱ्या दाराने बाहेर घालविणे होय. अध्यक्ष लोकांना जबाबदार राहील की नाही ते सांगता येत नाही; पण दोन वर्षे पूर्ण होताच तो नगरसेवकांना मात्र जपून वागेल, हे निश्चित.

ह्याच संदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार कर्तव्य आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांतील किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आणि अध्यक्षपदांसही आरक्षण लागू केले. आरक्षणामुळे पद मिळालेली व्यक्ती पुष्कळदा गावातील जुन्या गटांच्या बाहेरची असते. तिच्या पाठीशी मतदार असतात, परंतु सभागृहात तिचा गट नसतो. ज्या कायद्यात नगरसेवकांच्या तीन-चतुर्थांश सह्या हा एकमेव प्रवेशमार्ग आहे, त्या कायद्याची झळ अशा व्यक्तीस सर्वांत आधी लागणार. मुरब्बी अध्यक्ष सह्या जुळू देत नाही; नवख्या अध्यक्षास त्या जुळल्याचे कळतदेखील नाही. पहिले नागरी प्रत्यावाहन एका स्त्रीचे झाले, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु ह्या दिशेने गावोगावच्या नोंदी तपासून पाहणे संशोधकांचे काम आहे.

३

प्रारंभाचा अधिकार कोणाकडे आहे, ह्या एकाच गोष्टीने किती फरक पडतो, ह्याचे जर्मनीतील एक उदाहरण इतके स्वच्छ आहे की प्रयोगशाळेतही त्याहून स्वच्छ मिळणे कठीण. २०१० च्या जुलै महिन्यात ड्युइसबर्ग शहरात 'लव्ह परेड' नावाच्या संगीतोत्सवात चेंगराचेंगरी होऊन २१ माणसे मृत्युमुखी पडली व शेकडो जखमी झाली. महापौर आडोल्फ झाउअरलांट ह्यांनी राजीनामा देण्याचे नाकारले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे महापौरास परत बोलावण्याची प्रक्रिया केवळ नगरपरिषदच दोन-तृतीयांश मतांनी सुरू करू शकत होती. सप्टेंबर २०१० मध्ये परिषदेपुढे तसा ठराव आला आणि आवश्यक मतांअभावी फेटाळला गेला. मध्यप्रदेशाच्या पद्धतीने पाहिले तर प्रकरण येथेच संपले.

परंतु २०११ साली नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याच्या विधिमंडळाने कायदा बदलला आणि रहिवाशांनाही सह्या गोळा करून ही प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार दिला. ड्युइसबर्गच्या नागरिकांनी आवश्यकतेहून कितीतरी अधिक सह्या जमविल्या. १२ फेब्रुवारी २०१२ रोजी मतदान झाले. महापौरास दूर करण्यासाठी एकूण मतदारांच्या एक-चतुर्थांश मते, म्हणजे सुमारे ९१ हजार मते, हवी होती. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ३० हजार पडली. शहर तेच, महापौर तोच, दुःख तेच. केवळ किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि निकाल उलटा झाला. परिषदेतील सदस्य लोकांचेच प्रतिनिधी असल्यामुळे त्यांचे मत तेच लोकांचे मत, ह्या सिद्धान्ताची सत्यता ह्या दीड वर्षाच्या अवधीत पुरेशी तपासली गेली असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकेत तर आरंभापासूनच ही किल्ली रहिवाशांच्या हाती होती. डॉ. जॉन रँडॉल्फ हेन्स ह्यांच्या खटपटीने लॉस एंजेलिस शहराच्या सनदेत प्रत्यावाहनाची तरतूद १९०३ साली अमलात आली. मागील निवडणुकीत त्या पदासाठी झालेल्या मतदानाच्या एक-चतुर्थांश इतक्या मतदारांनी सह्या केल्या की निवडणूक घ्यावयाची, असा तो नियम होता. पुढच्याच वर्षी, शहराच्या छपाईचे काम अधिक दर सांगणाऱ्या वृत्तपत्रास दिल्याच्या रागावरून सहाव्या प्रभागाचे सदस्य डेव्हनपोर्ट ह्यांस मतदारांनी परत बोलाविले. त्या सनदेतील दोन बारकावे मध्यप्रदेशाच्या कलमाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक, अर्जात कारणांचे सर्वसाधारण निवेदन असणे आवश्यक होते. ४७ व्या कलमाच्या मजकुरात तशी अट नाही. दुसरे, लॉस एंजेलिसमध्ये पदावरील व्यक्ती आणि तिच्या जागी येऊ इच्छिणाऱ्या व्यक्ती ह्यांची नावे एकाच मतपत्रिकेवर येत. मतदारापुढे माणसाविरुद्ध माणूस उभा राही. आपल्याकडील मतदारापुढे मात्र रिकामी खुर्ची ठेवली जाते. ती रिकामी आहे हे चित्र सांगते; ती कोणासाठी रिकामी करावयाची आहे, हे सांगत नाही. ज्या नगरसेवकांनी प्रस्तावावर सह्या केल्या त्यांस ते बहुधा ठाऊक असते.

४

येथे प्रतिपक्षाची बाजू मांडणे न्यायाचे होईल. रहिवाशांच्या हाती किल्ली दिली म्हणजे सारे कुशल झाले, असे अमेरिकेचा इतिहास सांगत नाही. सिएटलचे महापौर हायरम गिल ह्यांस, नुकताच मताधिकार मिळालेल्या स्त्रियांच्या मतांच्या साहाय्याने, १९११ साली पदच्युत करण्यात आले. त्याच शहराने त्यांस १९१४ साली पुन्हा निवडून दिले. क्लीव्हलंडचे तरुण महापौर डेनिस कुसिनिच ह्यांस पदावर येऊन वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १९७८ च्या ऑगस्टमध्ये, प्रत्यावाहनास तोंड द्यावे लागले आणि ते अवघ्या २३६ मतांनी वाचले. सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर डायन फाइनस्टाइन ह्यांनी पिस्तुलांवर बंदी घालण्याचा प्रयत्न केला म्हणून एका छोट्या गटाने १९८३ साली सह्या जमवून मतदान घडवून आणले. मतदारांनी प्रचंड बहुमताने त्यांस पदावर कायम ठेवले आणि विरोधकांनी जो खर्च शहरावर लादला त्यातून महापौरांचेच बळ वाढले. ओकलंड शहरात २०२४ च्या नोव्हेंबरात महापौरांना परत बोलाविण्यात आले, त्या मोहिमेच्या पैशाचा मोठा भाग एकाच धनिकाकडून आला होता. सह्या पैसे देऊनही गोळा करता येतात. आणि जेथे त्या तशा गोळा होतात तेथे रहिवाशांची किल्ली अखेर कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

परंतु ह्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. लॉस एंजेलिसचे महापौर फ्रँक शॉ ह्यांच्या राजवटीत पोलीस खात्यातील भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या एका माणसाच्या मोटारीत १९३८ च्या जानेवारीत बाँब ठेवला गेला आणि त्यात एक पोलीस अधिकारीच दोषी ठरला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रहिवाशांनी शॉ ह्यांस दूर केले. तेथे पुढील निवडणुकीची वाट पाहणे म्हणजे आणखी बाँबची वाट पाहणे झाले असते. तात्पर्य, रहिवाशांच्या हातातील साधनाचा दुरुपयोग होतो हे खरे असले, तरी फाइनस्टाइन ह्यांच्या प्रकरणाप्रमाणे त्या दुरुपयोगावर मतदान हाच उतारा ठरतो. नगरसेवकांच्या हातातील साधनाचा दोष मात्र निराळा आहे. त्याचा दुरुपयोग झाला तर मतदार तो रोखू शकतात; पण जेथे त्याचा उपयोग व्हावयास हवा तेथे तो होत नसेल, तर मतदारांपाशी काहीच उपाय नाही. जेथे अध्यक्ष आणि नगरसेवक ह्यांनी मिळूनच गाव लुटले असेल, तेथे तीन-चतुर्थांश सह्या कधीही जमणार नाहीत. प्रत्यावाहनाची सर्वांत अधिक गरज जेथे आहे, नेमके तेथेच हे कलम मुके होते. हा त्याचा मूलभूत दोष होय.

बिहारच्या २००७ च्या नगरपालिका अधिनियमाने ह्या दोषावर वेगळा उपाय शोधिला. तेथे प्रभागातील बहुसंख्य मतदारांनी सह्या करून नगरसेवकाविरुद्ध थेट राज्याच्या नगरविकास खात्याकडे अर्ज करावयाचा. पहिला शब्द येथे रहिवाशांस मिळाला. परंतु शेवटचा शब्द खात्याकडे गेला. शिवाय मत गुप्त असते, सही उघड असते. ज्या नगरसेवकाच्या शिफारशीवाचून दाखला मिळत नाही, त्याच्याविरुद्ध आपले नाव व पत्ता लिहून देणारे मतदार बहुसंख्येने सापडणे किती दुष्कर आहे, हे कोणाही प्रभागात राहणाऱ्यास सांगावे लागणार नाही. एका राज्याने मतदारास शेवट दिला आणि आरंभ ठेवून घेतला. दुसऱ्याने आरंभ दिला आणि शेवट ठेवून घेतला.

५

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर येथे नगराध्यक्षाच्या थेट निवडीचा पाळणा कधी वर कधी खाली होत आला आहे. मतदारांनी त्यास परत बोलावण्याची तरतूद मात्र आलेली नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी मंजूर केलेला अविश्वासाचा ठराव ग्रामसभेच्या गुप्त मतदानापुढे ठेवण्याची जी योजना येथे झाली, तीतही पहिला शब्द सदस्यांचाच आहे. मध्यप्रदेशात २०२२ च्या निवडणुकांत नगरपालिकांचे अध्यक्ष पुन्हा नगरसेवकांमार्फत निवडले गेले, तेव्हा प्रत्यावाहनाचा पायाच निखळला. त्यावरून हेही दिसते की, थेट निवडीच्या खांबावर उभा असलेला हा हक्क तो खांब हालविणाऱ्या प्रत्येक शासनाच्या इच्छेवर टांगलेला राहतो.

तथापि महाराष्ट्राच्याच कायद्यात एक धडा पडून आहे आणि तो नगरपालिकेच्या प्रकरणात नसून दारूबंदीच्या प्रकरणात आहे. गावातील वा प्रभागातील दारूचे दुकान बंद व्हावे असे वाटत असेल, तर तेथील एक-चतुर्थांश महिला मतदार किंवा एकूण मतदार सह्यांनिशी मागणी करतात. शासन सह्यांची पडताळणी करते. मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. आरंभ रहिवाशांचा, पडताळणी अधिकाऱ्यांची, शेवट पुन्हा रहिवाशांचा. येथे सही उघड असली तरी ती एक-चतुर्थांशांचीच लागते आणि निर्णय गुप्त मतपत्रिकेवर होतो. ज्या राज्याने अक्षरओळख नसलेल्या स्त्रीच्या अंगठ्यावर एवढा विश्वास टाकला की तिने मागणी करावी व तिनेच निकाल द्यावा, त्या राज्याला नगराध्यक्षाच्या बाबतीत तोच विश्वास टाकणे अशक्य का वाटावे, ह्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. दुकान बंद करण्यास जी मतदार शहाणी ठरते, ती खुर्ची रिकामी करण्यास अजाण कशी ठरते?

उपरिनिर्दिष्ट उदाहरणांवरून अशा कायद्याच्या तीन कसोट्या निष्पन्न होतात. आरंभ कोण करतो, कारण कोणते सांगावे लागते आणि कितींच्या मताने शेवट होतो. पहिल्या कसोटीवर ४७ वे कलम उतरत नाही. दुसरीविषयी त्याचा मजकूर मौन धरतो. तिसऱ्या कसोटीवर त्याची वाक्यरचना संदिग्ध आहे. कारण 'निम्म्याहून अधिक' हे गणित गावातील एकूण मतदारांचे धरावयाचे की मतदान करणाऱ्यांचे, हे एका वाचनात उलगडत नाही. ड्युइसबर्गच्या कायद्याने एक-चतुर्थांशाची जी स्वच्छ मर्यादा घातली, तिने अल्पसंख्य गटाच्या हाती महापौराची मान दिली नाही आणि उदासीन मतदारांच्या गैरहजेरीमागे लपण्याची सोयही महापौरास ठेवली नाही. दोन वर्षांचे अभय आणि एका मुदतीत एकदाच, ही मध्यप्रदेशाची बंधने मात्र उत्तम आहेत. तेवढे अभय क्लीव्हलंडच्या महापौरास लाभले नव्हते.

अनुपपूरच्या मतदाराने २००१ साली जे केले त्याचे मोल ह्या चिकित्सेने कमी होत नाही. त्याच्यापुढे जो प्रश्न ठेविला गेला त्याचे त्याने उत्तर दिले. परंतु लोकशाहीत उत्तर देण्याच्या हक्काइतकाच प्रश्न विचारण्याचा हक्क महत्त्वाचा असतो, आणि तो हक्क भारतातील नगरवासीयास अद्याप मिळालेला नाही. त्याच्या हातात शिक्का दिला आहे. मतपत्रिका केव्हा छापावयाची हे मात्र दुसरेच कोणी ठरविते.